थंड ट्यूब

भालेराव बाईंना त्या दुपारी फक्त एक बटण दाबायचं होतं. ते त्यांनी इतर दिवसांसारखं दाबलं असतं तर त्यांच्या पदरात काय काय पडलं असतं, ते मी त्यांच्या शेजारी, शिशाच्या पडद्याआड उभा राहून मनात मांडत होतो. मुख्य तंत्रज्ञाची जागा. तिच्यासोबत नव्या इमारतीतलं नवं एक्स-रे मशीन, आणि मशीनला उकाडा सोसत नाही म्हणून त्या खोलीत बसणारा एसी. म्हणजे ऐन मे महिन्यात आख्ख्या दवाखान्यात बाई तेवढ्या गार बसणार आणि अधीक्षक साहेब शेजारच्या खोलीत टॉवेलनं मान पुसणार. शिवाय आवारातलं तळमजल्याचं क्वार्टर. बाईंच्या लेखी खरं वजनदार कलम हेच. त्यांचे वडील, मिशन शाळेतले निवृत्त शांतवन मास्तर, गुडघ्यांपायी भाड्याच्या खोलीत दुसऱ्या मजल्यावर अडकून पडले होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांशी गॅलरीतून गप्पा मारायचे. आपल्या पायांनी चर्चला जायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती.

आणि नुकसान? मला तरी ते कुठं दिसत नव्हतं. खोलीत अधीक्षक डॉक्टर निसळ उभे, त्यांच्या बाजूला आमचे दुसरे तंत्रज्ञ उगले, दारात पेशंट पोरीचा बाप. मशीनला वीज आहे, पोरगी पडद्यामागं गाऊन घालून तयार आहे. बाईंनी तिला टेबलावर निजवायचं, खाली फिल्मची कॅसेट सरकवायची, "श्वास धर" म्हणायचं आणि बटण दाबायचं.

बाईंनी बटण दाबलं. पण कसं दाबलं, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आमचं घर किराणा दुकानाचं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ते काय घेणार आणि नुसतं भाव विचारून जाणार का, हे ओळखायला मी पाढ्यांच्या आधी शिकलो. वडिलांनी माझाही असाच अंदाज घेतला होता. डॉक्टर व्हायला तुझे मार्क पुरत नाहीत, कंपाउंडर व्हायला तुझा ताठा आड येतो, तेव्हा मधलं काहीतरी बघ, असं ते म्हणाले. ते मधलं म्हणजे एका ट्रस्टच्या रुग्णालयातला रेडिओग्राफीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव सांगणार नाही, का ते पुढं कळेल.

शिकवायला दोघं होते. उगले सर पुस्तकातून शिकवायचे, आणि चांगलं शिकवायचे. किरण कुठून निघतात आणि कुठं अडतात हे त्यांच्याइतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही. रत्नमाला भालेराव बाई हातानं शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कँटीनमधून उकळता चहा मागवला. आम्हाला वाटलं, नव्या पोरांचं स्वागत आहे. त्यांनी माठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला एक काचेचा पेला टेबलावर ठेवला आणि सगळा चहा त्यात एकदम ओतला. टण्ण आवाज झाला, पेल्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि चहा टेबलावरून ओघळून माझ्या नव्या पँटवर आला.

"ही ट्यूब," बाई म्हणाल्या. "किरण हिच्यातून निघतात. मशीन बराच वेळ बंद राहिलं, वीज गेली, की ही आतून थंडगार पडते. तिला आधी, टेबलावर कुणी नसताना, लहान लहान रिकामे शॉट देऊन कोमट करायचं. थंड ट्यूबवर एकदम सगळा लोड टाकला की हे असं होतं. आपलं मशीन जुनं आहे, ते तुम्हाला अडवणार नाही. मग ट्रस्ट रडतो, पेशंट रडतात आणि टाकणारा घरी जातो. आपल्या कामात बाकीच्या चुका एकदा माफ आहेत. ही नाही." मग माझ्याकडे वळून, "तुझं नाव शेटे ना? पँट लगेच पाण्यात टाक, डाग जाईल."

बाईंचं काम बघत उभं राहणं म्हणजे फुकटातला नफा होता. कण्हत आलेल्या माणसाला त्या टेबलावर उचलून ठेवू द्यायच्या नाहीत; त्याच्या श्वासाशी मेळ घालून खालची चादर सरकवायच्या. मोडलेला हात सरळ करायला लावायच्या नाहीत. हात आहे तसा ठेवून कॅसेट आणि ट्यूब त्याच्याभोवती फिरवायच्या. मी एकदा पेशंटला म्हणालो, जरा इकडं वळा. बाई म्हणाल्या, "हाड त्याचं मोडलंय. तुझं शाबूत आहे ना, मग तू वळ." लहान पोरांच्या छातीचा फोटो घेणं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. बाई पोराशी सरळ भांडण काढायच्या. तुला श्वास धरता येत नाही, आमचा म्हातारा तुझ्यापेक्षा जास्त वेळ धरतो. पोरगं ईर्ष्येनं गाल फुगवून थांबायचं आणि काही कळायच्या आत शॉट झालेला असायचा. त्यांची फिल्म पुन्हा घ्यावी लागली, असं माझ्या वेळी तरी घडलं नाही.

बायकांच्या बाबतीत त्यांची वेगळीच रीत होती. तरणी बाई पेशंट म्हणून आली की बरोबरचा बाप, नवरा, सासू, आत्या, सगळे व्हरांड्यात. आम्ही शिकाऊ पोरं डार्करूममध्ये. मग बाई तिला पडद्यामागं नेऊन स्वतः गाऊन घालायच्या आणि पाठीवरच्या नाड्या बांधायच्या. त्या नाड्या बांधायला त्यांना जो वेळ लागायचा, त्यात आमच्या फिल्मा धुऊन दोरीवर लटकलेल्या असायच्या. उगले सर म्हणायचे, बाई गाऊन बांधत नाहीत, विणतात. एकदा हे त्यांच्या तोंडावर म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुम्हाला थंडी वाजत असेल तर तुमच्यासाठीही विणीन."

आता दुसरी गोष्ट. अधूनमधून बाईंच्या हातात मशीन बंद पडायचं. त्या हात पुसत व्हरांड्यात यायच्या आणि पेशंटबरोबरच्या माणसांना सांगायच्या, आज मशीन साथ देत नाही, आठवड्यानं या. माणसं कुरकुर करत निघून जायची. पुढचा पेशंट आत आला की तेच मशीन मांजरासारखं गुरगुरत कामाला लागायचं. उगले सरांना हे कोडं आणि करमणूक दोन्ही होतं. मशीन बाईंच्या माहेरचं असावं, त्यांच्यापाशीच रुसतं, असं ते म्हणत. हसत हसत म्हणत, आणि हसत हसतच अधीक्षकांच्या कानावर घालत. त्यांना ती जागा हवी होती, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

मीही विचार केला. माणूस उगाच खोटं बोलत नाही. खोट्याला मेहनत पडते, आणि मेहनत कुणी फुकट करत नाही. मग बाईंना यात काय मिळतं? आळस म्हणावं, तर अपघाताचे पेशंट आले की त्यांचा डबा संध्याकाळी तसाच घरी जायचा. बाजारपेठेतल्या खासगी एक्स-रेवाल्याकडून काही मिळत असेल, असं वाटून मी एक दिवस आत्याचा गुडघा पुढं करून त्याच्याकडे चौकशीला गेलो. भालेराव बाईंचं नाव काढताच त्याचा चेहरा आंबला. बाईंनी म्हणे त्याच्या फिल्मांना चारचौघांत 'ढगाळ हवामान' म्हटलं होतं, आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. मी हात हलवत परत आलो. जमेची बाजू कोरीच राहिली.

खर्चाची बाजू मात्र भरत चालली होती. नव्या मशीनवर मुख्य म्हणून कुणाला बसवायचं, हे ठरवायला ट्रस्टची समिती महिनाअखेरीला बसणार होती. नोकरीनं बाई जुन्या, कामात बाई वरचढ. आड येत होता तो एकच शेरा, की यांना मशीन सांभाळता येत नाही. निसळ डॉक्टरांनी त्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं की आणखी एक तक्रार आली तर समितीपुढं तुमची बाजू मला मांडता येणार नाही. बाई खोलीत परत आल्या, चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "एक तक्रार. बुडवायला भरपूर झाली की, शेटे." पुढच्या रविवारी त्या क्वार्टरच्या दाराची रुंदी बघून आल्याचं मला शिपायाकडून कळलं. मास्तरांची आरामखुर्ची आत जाते का, ते बघायचं होतं.

आणि मग ती दुपार.

सकाळपासून गावाची वीज गेलेली. थांबून थांबून पेशंट घरी गेले. जेवणानंतर वीज आली, पण कुणी पेशंटच नव्हता, म्हणून मशीन नुसतंच उभं होतं. तेवढ्यात एक माणूस लेकीला घेऊन आला. गावातलं वजनदार घर; बहिणीचा नवरा ट्रस्टच्या कार्यकारिणीवर. पोरगी लग्नाच्या वयाची, माळ्यावरून उतरताना शिडीवरून घसरली होती आणि कंबर धरून चालत होती. बरोबर आत्या. ओपीडीतल्या डॉक्टरांनी कंबरेचा फोटो लिहून दिला होता. बापानंच आग्रह धरला म्हणे, पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत, काही राहून जायला नको.

बाप नि आत्या व्हरांड्यात, मी डार्करूममध्ये, पोरगी पडद्यामागं. नाड्या नेहमीपेक्षाही जास्त वेळ चालल्या. मग बाई बाहेर येऊन बापाला म्हणाल्या की वीज आत्ता आली आहे, मशीन ठिकाणावर नाही, आठवड्यानं आणा. चालत आली आहे म्हणजे मोडलेलं काही नाही. तोवर गरम शेक द्या, आणि हिच्या आईला माझ्याकडे पाठवा, शेक कसा द्यायचा ते दाखवते.

बापानं वर छताकडे पाहिलं.

"पंखा फिरतोय की, बाई."

"पंख्याला थोडी वीज लागते. मशीनला फार."

"आणि आईचं काय काम इथं? शेक आत्या देईल."

तो जास्त बोलला नाही. सरळ अधीक्षकांच्या खोलीकडे गेला, आणि परत आला तो निसळ डॉक्टर आणि उगल्यांना घेऊनच. एक तक्रार दारात येऊन उभी राहिली. मी डार्करूममधून निघून शिशाच्या पडद्याआड बाईंच्या शेजारी आलो.

डॉक्टर चिडले नव्हते, थकलेले वाटत होते. म्हणाले, "बाई, लाइट आलेली आहे. घ्या फिल्म. मी इथं उभा आहे."

उगले पुढं झाले. "सर, बाईंना जमत नसेल तर मी घेतो ना."

"पेशंट माझी आहे," बाई म्हणाल्या.

इथं मी वर सांगितलेली सगळी मांडणी डोक्यात करत होतो. खुर्ची, एसी, क्वार्टर, मास्तरांचा जिना.  बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा मला जे दिसलं ते मी आमच्या दुकानात पाहिलेलं होतं: किंमत आधीच माहीत असलेलं माणूस शेवटचं एकदा खिसा चाचपतं, तसं.

"सर, मशीनची खात्री नाही," त्या म्हणाल्या. "आधी एक रिकामा शॉट घेऊन बघते. नंतर पोरीला टेबलावर घेते. सगळ्यांनी दाराबाहेर थांबा. बाळ, तूही चादर पांघर आणि बाहेर बाकावर जाऊन बस."

यात काही गैर नव्हतं. रिकामा शॉट कुणीही घेतला असता. उगल्यांनीही मान हलवली. दार लागलं. शिशाच्या पडद्याआड पॅनेलपाशी उरलो बाई आणि मी.

पॅनेलवर लोड ठरवणाऱ्या तीन चकत्या होत्या. बाईंनी पहिली फिरवली, ती शेवटपर्यंत. दुसरी, शेवटपर्यंत. तिसरी. मला वाटलं, एवढ्या माणसांसमोर उभं राहून बाई गोंधळल्या. ट्यूब सकाळपासून थंड होती. माझ्या डोळ्यांपुढं तो पेला आला. मी तोंड उघडलं, तर माझ्या पायाच्या बोटांवर बाईंची चप्पल आली. आधी अलगद आली, मग सगळा भार घेऊन. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोर बघत होत्या, रिकाम्या टेबलाकडे.

आणि त्यांनी बटण दाबलं.

मशीन घुमलं, आतून टण्ण आवाज आला, पहिल्या दिवशीचाच, फक्त गोधडीत गुंडाळल्यासारखा. मग सगळं शांत. ट्यूबभोवतीच्या तेलाचा जळका वास पसरला. बाईंनी पाय काढून घेतला.

चकत्या परत जागेवर फिरवायला त्यांना वेळ होता. त्यांनी फिरवल्या नाहीत. हात बाजूला घेऊन उभ्या राहिल्या.

दार उघडलं. काय झालं, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, आणि ट्यूब गेली, असं बाईंनी सांगितलं. उगले झटक्यात पॅनेलपाशी आले. चकत्या बघून त्यांचा हात तोंडाशी गेला. त्यांच्या आवाजात त्या वेळी आनंद नव्हता, हे मला त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

"थंड ट्यूबवर? पूर्ण लोड? बाई, हे तर आपण पोरांना पहिल्या दिवशी..."

"कुणी लावला हा लोड?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी, सर," मी म्हणालो.

हे उत्तर माझ्या हिशेबी डोक्यातून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. परीक्षा तोंडावर होती, प्रमाणपत्रावर सही याच माणसाची लागायची होती, आणि मिळकत शून्य.

बाई माझ्याकडे वळल्या. "हा खोटं बोलतोय, सर. शिकाऊ पोरांना मी पॅनेलला हात लावू देत नाही, उगल्यांना विचारा. लोड मी लावला."

"का?"

"चुकलं."

"एवढ्या वर्षांनी, बाई?"

"हो सर. चुकलं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पोरीच्या बापानं, बाईमाणसाच्या हाती मशीन दिल्यावर दुसरं काय होणार, असं काहीतरी व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं आणि लेकीला कपडे बदलायला लावलं. ते निघाले तेव्हा बाई त्यांच्या मागं दारापर्यंत गेल्या आणि पुन्हा तेच बोलल्या, की हिच्या आईला पाठवा, शेक दाखवते. या खेपेला बापानं मान हलवली. स्वतःचं मशीन जाळून बसलेल्या बाईशी वाद घालण्यात त्याला काही राम वाटला नसावा.

सगळे गेल्यावर मी डार्करूममध्ये शिरलो. लाल दिव्याखाली बाई डेव्हलपरच्या टाकीवर झाकण ठेवत होत्या.

"बोटं दुखतात का रे?"

मी म्हटलं, बोटांचं जाऊ द्या. आणि मला जे जे मांडता आलं होतं ते सगळं मी त्यांच्यापुढं ओतलं. जागा, क्वार्टर, मास्तर. तुम्ही मुद्दाम केलंत, आणि कशासाठी केलंत ते मला दिसत नाही.

"बाहेर जाऊन दारावरची पाटी वाच."

"पाठ आहे मला."

"मग म्हण."

मी म्हटली. स्त्री रुग्णांनी गरोदर असल्यास, किंवा तशी शंका असल्यास, क्ष-किरण तपासणीपूर्वी सांगावे.  जवळपास दोन वर्षं मी त्या लाल अक्षरांखालून रोज जात-येत होतो. पोटातल्या जिवाला सुरुवातीच्या दिवसांत किरणांचा धोका सगळ्यात जास्त, आणि कंबरेच्या फोटोत गर्भाशय बरोबर किरणांच्या मधोमध येतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. मार्कही मिळाले होते.

"पाटी मोठ्यानं विचारते," बाई म्हणाल्या. "बाप दारात, आत्या बाकावर. उत्तर कोण देणार? म्हणून मी मागून विचारते, नाड्या बांधता बांधता. तिला माझं तोंड बघावं लागत नाही, मला तिचं. अडचण कधी आली होती, एवढंच विचारते. तोंडानं सगळ्या 'वेळेवर' म्हणतात. पण जिचं तसं नसतं, तिची पाठ हाताखाली कडक होते. मग मी गाठ सोडते, पुन्हा बांधते, आणि थांबते."

"आणि आज?"

"आज ती काही बोललीच नाही. मागं हात आणून माझा हात धरला, आणि सोडेना."

मी म्हटलं की निसळ सरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. ते डॉक्टर आहेत, शहाणे आहेत.

बाईंनी पुढचा ट्रे उचलला आणि कोरडा असूनही पुसायला घेतला. "सांगितलं होतं एकदा. तू यायच्या आधी. अशीच एक पोर, पडलेली. मनगट मोडलं होतं, आणि कंबरेचाही फोटो लिहिला होता. सर मनानं वाईट नाहीत रे. त्यांना वाटलं, बापाला कळवणं आपलं कर्तव्य आहे. तिथंच व्हरांड्यात कळवलं." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "मनगटाला प्लास्टर घालून दिलं होतं आपण. ते काढायला तिला कुणी आणलंच नाही."

मी दुसरा ट्रे त्यांच्यापुढं सरकवला. 

"आता तू मनात म्हणशील की ट्यूब येईपर्यंत बाकीच्या पेशंटांनी काय करायचं. ते मलाही ठाऊक आहे. उद्या कुणीतरी मोडक्या हाडानं गाडीत हादरे खात नगरला जाईल, ते माझ्यामुळं. मांड माझ्या नावावर." मग त्यांनी दिवा मालवायला हात वर केला. "एक मात्र कर. कुणाला काही सांगू नकोस. मुद्दाम केलं म्हटलं की कारण शोधतात. चूक म्हटली की नुसतं हसतात."

दुसऱ्या दिवशी पोरीची आई आली. बरोबर शेकायची रबरी पिशवी आणली होती. दोघी पडद्यामागं बराच वेळ बसल्या; मी आपणहून डार्करूममध्ये गेलो. आई बाहेर आली तेव्हा पिशवी विसरली, आणि परत येऊन घेऊन गेली. चार दिवसांत मायलेकी मामाकडे गेल्या. पोरीच्या मनातला मुलगा मामाला ठाऊक होता, त्याचं घर ठाऊक होतं, आणि जवळच्या देवळात गाठही त्यानंच घालून दिली. लग्नाला बाप गेला नाही. बारशाला गेला.

आता कुणाला काय पडलं ते सांगून टाकतो. ट्यूब ट्रस्टची गेली, तिचा काही भाग बाईंच्या पगारातून कापत राहिले. खुब्याचं हाड मोडलेला एक म्हातारा त्याच आठवड्यात नगरला जाताना रस्ताभर ओरडत गेला. त्याला गाडीत चढवायला बाई स्वतः गेल्या होत्या आणि त्याच्या शिव्या त्यांनी मान खाली घालून पुऱ्या ऐकून घेतल्या. मुख्य तंत्रज्ञाची जागा उगल्यांना मिळाली. ती त्यांना म्हणावी तशी गोड लागली नाही. एसीनं त्यांना कायमची सर्दी जडली. क्वार्टरही त्यांनाच मिळालं. शांतवन मास्तर त्यानंतर जिना उतरले ते चौघांच्या खांद्यावरून. मला प्रमाणपत्र वेळेवर मिळालं.

बाई निवृत्तीपर्यंत जुन्याच मशीनवर राहिल्या, आणि नव्या ट्यूबसह ते मशीन अधूनमधून त्यांच्यापाशी रुसत राहिलं. आता त्यावर कुणी तक्रारही करत नसे. भालेराव बाईंचं हे असंच, म्हणून सोडून देत.

खरी वसुली वेगळीच झाली. उगले सर हाडाचे शिक्षक. त्यांनी पुढच्या प्रत्येक बॅचला ही गोष्ट सांगितली, अगदी निर्मळ मनानं, की बघा, एवढ्या मुरलेल्या तंत्रज्ञाच्या हातूनही असं होतं. पोरांनी ती नाशिकला नेली, पुण्याला नेली. थंड ट्यूबवर लोड टाकायला आमच्या लोकांत आजही 'भालेराव करणं' म्हणतात. हल्लीची मशीनं स्वतःच तापून घेतात आणि चुकीचा लोड घेत नाहीत, तरी शब्द टिकून आहे. गेली बरीच वर्षं मीही शिकवतो. पहिल्या दिवशी थंड पेल्यात उकळता चहा ओततो. यंदा पेला तडकल्यावर धुळ्याकडची एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे भालेराव झालं ना?" सगळा वर्ग हसला. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्या दुपारची ती पोर, तिचं गाव, तिचं सासर सगळं अजून त्याच जिल्ह्यात आहे.

त्यानंतर मी वर्गातल्या मुलींना गाऊन कसा बांधायचा ते दाखवतो. मागं उभं राहायचं. हळू विचारायचं. उत्तराची घाई करायची नाही, गाठ सोडायची, पुन्हा बांधायची आणि थांबायचं. ही रीत कुणाची, असं आजवर एकाही पोरीनं विचारलेलं नाही. रीत बिननावी राहिली आणि चूक त्यांच्या नावावर चढली. दर वर्षी नवी बॅच येते, पेला तडकतो, पोरं हसतात, आणि बाई त्या ट्यूबचे पैसे पुन्हा एकदा भरतात.